अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना: खोकं उघडण्याआधीचं काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ वर्षं अँड्रॉइड वापरलं, आता आयफोन घेतलाय, तो अजून खोक्यात आहे. सगळं एका झटक्यात पलीकडे नेणारं चांगलं ॲप कोणतं, आणि जुना फोन आज संध्याकाळीच धाकट्या भावाला दिला तर चालेल का?

ॲपचं उत्तर एका ओळीचं आहे: ॲपलचं स्वतःचं ‘मूव्ह टू आयओएस’. ते २०१५ पासून आहे, फुकट आहे, आणि बहुतेकांना त्याहून वेगळं, पैसे मागणारं काही घ्यावं लागत नाही. जुन्या फोनबद्दल मात्र माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे. तो निदान महिनाभर तुमच्याकडेच राहू द्या. आणि आयफोन अजून चालू केला नसेल तर आज करूही नका. त्याआधी एक संध्याकाळ जुन्या फोनला द्या.

लोकांचे फोन बदलून देणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, दोन्ही दिशांनी. त्यात एक गोष्ट वारंवार दिसते. माहिती नेताना वाटेत क्वचितच हरवते. ती नक्की कुठे ठेवलेली होती हे मालकालाच ठाऊक नसतं, म्हणून ती मागे राहते. पडद्यावर सगळं एकत्र दिसतं, पण एक नंबर सिमवर असतो, दुसरा फोनच्या मेमरीत आणि तिसरा गुगल खात्यात. फोटोंचंही तेच. नोंदी बऱ्याचदा फोन बनवणाऱ्या कंपनीच्या खात्यात असतात, आणि ते खातं आपण कधी उघडलं हेही आठवत नाही. त्यामुळे ‘माझं काय कुठे आहे’ हे आधी पाहायचं, ॲपचा विचार नंतर.

तुमच्या प्रश्नात काही तपशील नाहीत, त्यांच्यावर पुढचं थोडंफार अवलंबून आहे. नव्या फोनची साठवण किती आहे, जुन्यात किती जागा भरलेली आहे, मेमरी कार्ड आहे का, व्हॉट्सॲपचा पसारा किती मोठा, मनगटावर स्मार्टवॉच आहे का. आयफोनला मेमरी कार्डाची खाच नसते, त्यामुळे कार्डावरचं जे हवंय तेही नव्या फोनच्या आतल्या जागेत मावलं पाहिजे. जुना फोन ११० जीबी भरलेला आणि नवा १२८ जीबीचा असेल तर आधी आवरून घ्या. नव्या फोनच्या आकड्यातला बराच भाग आयओएस ही आयफोनची प्रणालीच खाते.

सुरुवात संपर्कांपासून करा. जुन्या फोनवर एखादा नंबर उघडून त्यात बदल करायला जा. बहुतेक फोनांवर तिथे बारीक अक्षरांत तो कुठे साठवलाय ते दिसतं: एखादा ईमेल, ‘फोन’ किंवा ‘सिम’. एका सहकाऱ्याचे अलीकडचे सगळे नंबर गुगल खात्यात व्यवस्थित होते, पण सर्वांत जुने, म्हणजे शाळेतले मित्र आणि नातेवाईक, फक्त सिमवर. सिमवर नावाला जागा अगदी थोडी असते, त्यामुळे नावं मध्येच कापलेली आणि एका नावापुढे एकच नंबर. असे विखुरलेले नंबर संपर्कांच्या ॲपमधूनच गुगल खात्यात हलवता येतात. हलवून झाल्यावर कॉम्प्युटरवर गुगल कॉन्टॅक्ट्स उघडा आणि जे नंबर हरवले तर खरोखर अडचण होईल ते स्वतः शोधून पाहा. फोनवरच पाहून समाधान मानू नका. फोन तुम्हाला तिन्ही जागांची सरमिसळ दाखवत असतो, कॉम्प्युटर फक्त खात्यातलं दाखवतो.

संपर्कांबाबत पुढे हमखास येणारी तक्रार म्हणजे प्रत्येक नाव दोनदा दिसणं. मूव्ह टू आयओएसने नंबरांची एक प्रत आणली आणि नंतर तुम्ही आयफोनवर गुगल खातंही जोडलं, की दोन्ही याद्या एकत्र दिसतात. दोन्हींतली एकच वाट निवडा. मी गुगलची निवडते, कारण उद्या पुन्हा अँड्रॉइडवर यावंसं वाटलं तर नंबर आहेत तिथेच असतात. तसं ठरवलंत तर मूव्ह टू आयओएसमध्ये संपर्कांवरची खूण काढा, आयफोनच्या सेटिंग्जमध्ये गुगल खातं जोडून त्यातले संपर्क चालू करा आणि नवे नंबर साठवण्यासाठी तेच मुख्य खातं ठरवा. हे शेवटचं बरेच जण विसरतात. मग जुने नंबर गुगलमध्ये आणि नवे आयक्लाउडमध्ये, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणीत, असा तोच विखुरलेपणा पुन्हा सुरू होतो.

आता व्हॉट्सॲप. खोकं उघडू नका असं मी म्हटलं ते मुख्यतः याच्यासाठी. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगलच्या साठवणीत जातो, आयफोनवर तो आयक्लाउडमध्ये जातो, आणि एकीकडचा बॅकअप दुसरीकडे उघडत नाही. रोज रात्री बॅकअप होतोय म्हणजे आपण सुरक्षित, असं लोक धरून चालतात. त्याच प्रणालीच्या दुसऱ्या फोनवर जाणार असाल तर ते खरंही आहे. प्रणाली बदलताना मात्र त्या बॅकअपचा उपयोग नाही. २०२२ पासून अँड्रॉइडवरून आयफोनवर गप्पा न्यायची अधिकृत सोय आहे, पण ती मूव्ह टू आयओएसमधूनच चालते, आणि त्यासाठी आयफोन कोरा हवा: नवाकोरा किंवा पूर्ण पुसलेला. लोक हौसेने आयफोन चालू करतात, दोन दिवस वापरतात, नवे फोटो काढतात आणि मग जुन्या गप्पांची आठवण होते. तेव्हा पर्याय दोनच उरतात, आयफोन पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात किंवा जुन्या गप्पांवर पाणी सोडणं. तुमचं खोकं अजून बंद आहे ही चांगली गोष्ट आहे.

प्रत्यक्ष क्रम असा असतो. दोन्ही फोन चार्जिंगला लावा. दोन्ही एकाच वाय-फायवर हवेत, किंवा अँड्रॉइड फोन आयफोनच्या हॉटस्पॉटला जोडलेला हवा. नंबर दोन्हीकडे तोच ठेवायचा आहे. मूव्ह टू आयओएसमध्ये काय काय न्यायचं याची यादी येते, त्यात व्हॉट्सॲप निवडा. मग जुन्या फोनवरचं व्हॉट्सॲप निर्यातीची तयारी करायला लागतं, आणि पसारा मोठा असेल तर यात बराच वेळ जातो. तयारी झाली की जुन्या फोनवर तुम्ही व्हॉट्सॲपमधून बाहेर पडता. इथे घाबरून पुन्हा लॉगिन करू नका, असंच व्हायला हवं. पुढे बाकीचं सगळं येऊन आयफोन सुरू झाला की ॲप स्टोअरमधून व्हॉट्सॲप घ्या, त्याच नंबरने आत जा, आणि आणलेल्या गप्पा घ्यायच्या का असं विचारल्यावर होकार द्या. गप्पा, गट, फोटो, आवाजी निरोप येतात. कॉलची यादी येत नाही.

एवढं झालं तरी काम संपलेलं नसतं. नव्या फोनवर आलेल्या त्या गप्पांचा त्या क्षणी कुठेही बॅकअप नसतो. आयक्लाउडमध्ये तो तुम्हाला स्वतः सुरू करावा लागतो, आणि आयक्लाउडची फुकट जागा ५ जीबी आहे. गुगलच्या १५ जीबीची सवय असलेल्या माणसाला ती लगेच अपुरी पडते. मोठमोठे व्हिडिओ आधीच काढून टाकलेत तर बरं. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये साठवणीच्या भागात कोणत्या गटाने किती जागा घेतलीय ते उतरत्या क्रमाने दिसतं. तिथे दोन-तीन गट साफ केले की बहुतेकांचा पसारा निम्म्यावर येतो, आणि निर्यातीची तयारीही लवकर होते. टेलिग्राम वापरत असाल तर त्याची काळजी नाही. त्याच्या नेहमीच्या गप्पा सर्व्हरवर असतात, लॉगिन केलं की दिसतात. फक्त गुप्त गप्पा त्याच फोनवर राहतात.

फोटोंच्या बाबतीत एक फरक नीट समजून घ्या. मूव्ह टू आयओएस फोनमध्ये प्रत्यक्ष असलेले फोटो नेतं. तुम्ही कधी गुगल फोटोजमध्ये ‘जागा मोकळी करा’ दाबलं असेल तर तेव्हापर्यंतचे फोटो फोनवरून गेलेले असतात आणि फक्त गुगलच्या साठवणीत उरतात. गुगल फोटोजच्या पडद्यावर ते बाकीच्यांसारखेच दिसतात, म्हणून शंका येत नाही. मग आयफोनवर गेल्या वर्षभराचे फोटो येतात आणि मागची सात वर्षं रिकामी दिसतात. ते फोटो हरवलेले नसतात. आयफोनवर गुगल फोटोजचं ॲप घेऊन त्याच खात्याने आत गेलात की सगळे समोर येतात. उलट बाजूही तपासा: गुगल फोटोजमध्ये अनेकदा फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचाच बॅकअप चालू असतो. स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो वेगळ्या फोल्डरांत असतात आणि कुठेच वर गेलेले नसतात. बॅकअपच्या सेटिंग्जमध्ये फोल्डरांची यादी आहे, ती आजच उघडा.

यापुढे फोटो गुगलकडे ठेवायचे की आयक्लाउडकडे, हा तुमच्या पसंतीचा भाग आहे. घरातले बाकीचे अँड्रॉइडवर असतील, किंवा तुम्ही कॉम्प्युटरवर बरंच काम करत असाल, तर मी गुगलच ठेवायला सांगेन. सगळं घर ॲपलच्या उपकरणांवर असेल तर आयक्लाउड सोयीचं पडतं. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका. ठेवलंत तर दोन्हीकडची जागा भरते, आणि पुसताना गोंधळ होतो. विशेषतः हे लक्षात घ्या की आयक्लाउड फोटोज म्हणजे तिजोरी नव्हे, सगळ्या उपकरणांवर तीच एक यादी चालू असते. फोनवर जागा हवी म्हणून फोटो पुसला तर तो आयक्लाउडमधूनही जातो. ‘नुकतेच हटवलेले’ या भागात तो सुमारे ३० दिवस राहतो, त्यानंतर परत मिळत नाही. गुगल फोटोजच्या ‘जागा मोकळी करा’ या सवयीने आलेला माणूस आयक्लाउडवर नेमका इथेच फसतो, आणि अशा वेळी माझ्याकडे आलेल्या लोकांचे चेहरे मला विसरता येत नाहीत. मुलांच्या लहानपणीचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी हा कंटाळवाणा भाग, पण जुना फोन लगेच देऊ नका असं मी म्हणते त्याचं सर्वांत मोठं कारण हेच. ओटीपी एसएमएसने येत असेल तर सिम जिथे, तिथे तो येतो, त्यात अडचण नाही. पण सहा आकडी कोड दर अर्ध्या मिनिटाला बदलणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर ते कोड तयार करण्याची किल्ली त्या फोनमध्ये असते. गुगल ऑथेंटिकेटर २०२३ पासून ती किल्ली गुगल खात्यात ठेवू शकतं, आणि जुन्या फोनवर क्यूआर दाखवून नव्यावर घ्यायचीही सोय आहे. काही इतर ऑथेंटिकेटर ॲपचा अँड्रॉइडवरचा बॅकअप आयफोनवर उघडत नाही, तिथे प्रत्येक खात्यात जाऊन नवा फोन नोंदवावा लागतो. त्यासाठी जुना फोन हातात आणि चालू हवा. बँकेची ॲप तर फोन बदलला की बहुधा नव्याने नोंदणी मागतातच. ते काम सुट्टीच्या आदल्या रात्री काढू नका, बँकेची मदत उपलब्ध असेल अशा वेळी करा.

पासवर्ड क्रोममध्ये साठवलेले असतील तर सोपं आहे. आयफोनवर क्रोम घ्या, त्याच खात्याने आत जा, आणि आयफोनच्या सेटिंग्जमध्ये पासवर्ड आपोआप भरण्यासाठी क्रोमला परवानगी द्या. इतर ॲपमध्येही मग तेच पासवर्ड समोर येतात. काही जण सगळे पासवर्ड फाइलमध्ये उतरवून घेतात आणि ती फाइल स्वतःलाच ईमेल करतात. कृपया असं करू नका. त्या फाइलीत सगळं उघड्या अक्षरांत असतं.

आतापर्यंतचं एकत्र सांगायचं तर: आधी नंबर गुगल खात्यात, मग फोटोंचे सगळे फोल्डर बॅकअपमध्ये, मग व्हॉट्सॲपची सफाई, मग ऑथेंटिकेटरची तपासणी. एवढं झाल्यावरच आयफोन चालू करायचा. सुरुवातीच्या पडद्यांमध्ये ‘अँड्रॉइडवरून आणा’ असा पर्याय येतो, तो घ्या. आयफोन एक कोड दाखवतो, तो जुन्या फोनवर टाकायचा, की दोघांमध्ये तात्पुरतं वाय-फाय तयार होतं.

हे मध्येच तुटण्याची कारणं ठरलेली आहेत. वाय-फाय मंद वाटलं की आपोआप मोबाइल डेटावर उडी मारण्याची सोय काही फोनांत असते, आणि आयफोनने तयार केलेल्या वाय-फायला इंटरनेट नसल्याने जुना फोन ते सोडून देतो. म्हणून मोबाइल डेटा, ती सोय आणि व्हीपीएन असल्यास तेही बंद करा. दुसरं, मूव्ह टू आयओएस पडद्यावरच राहू द्या. मध्ये फोन आला, दुसरं ॲप उघडलं, की काम थांबू शकतं. तिसरं आणि सर्वांत फसवं: जुना फोन ‘पूर्ण झालं’ असं आयफोनच्या आधीच सांगू शकतो. आयफोनवरची पट्टी भरेपर्यंत दोन्ही फोन जागचे हलवू नका. जोडता येईल अशी केबल असेल तर ती वापरा, काम लवकर होतं.

काय येणार नाही तेही आत्ताच माहीत असू द्या. पैसे देऊन घेतलेली ॲप पलीकडे पुन्हा घ्यावी लागतात. फुकट ॲप ॲप स्टोअरमध्ये असतील तर ती उतरवायची सोय मूव्ह टू आयओएस देतं, पण त्यांच्या आतली माहिती त्या-त्या ॲपच्या खात्यात असेल तरच दिसते. खेळांमधली प्रगती बऱ्याचदा जाते. प्ले स्टोअरमधून घेतलेली मासिक वर्गणी आयफोनवर लॉगिन करून बहुतेक वेळा वापरता येते, पण ती बंद करायची तर प्ले स्टोअरमध्येच जावं लागतं. वर्गण्यांची यादी आजच पाहून ठेवा, नाहीतर न वापरलेल्या ॲपचे पैसे जात राहतील. फोन कंपनीच्या नोंदींच्या ॲपमधलं लिखाण स्वतः बाहेर काढा. लांबलचक काही असेल तर गुगल कीप किंवा गुगल डॉक्समध्ये चिकटवा, ती दोन्हीकडे चालतात. घड्याळाचं तर विचारूनच घ्या: सॅमसंगचं २०२१ पासूनचं, म्हणजे गॅलेक्सी वॉच ४ आणि त्यापुढचं घड्याळ आयफोनला जोडलं जात नाही. साधे ब्लूटूथ इअरफोन मात्र चालतात.

वापरातले फरक मी थोडक्यात सांगते, कारण ते अंगवळणी पडतात. आयफोनवर सगळीकडे एकसारखं चालणारं मागे जायचं बटण नाही. बऱ्याच ॲपमध्ये पडद्याच्या डाव्या कडेवरून आत बोट सरकवलं की मागे जाता येतं, काही ठिकाणी वरच्या कोपऱ्यातल्या बाणावर जावं लागतं. पहिला आठवडा हात चुकीकडे जातो. ब्राउझर आणि ईमेलचं ॲप आपल्या आवडीचं ठरवता येतं. कॉल रेकॉर्ड करायची सवय असेल तर आयफोनवर ती सोय आयओएस १८.१ पासून आहे, पण रेकॉर्डिंग सुरू झाल्याचं दोघांनाही ऐकू जातं.

बदलावं की नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही, फोन घेऊन झालाय. तरी एक सांगते. महिनाभर वापरून मन रमलं नाही तर परतीची वाट बंद नाही, आणि नंबर व फोटो गुगल खात्यात ठेवले असतील तर ती बरीच सोपी आहे. परतताना आयफोनमधून सिम काढण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन आयमेसेज, म्हणजे ॲपलची स्वतःची संदेशसेवा, बंद करा. तसं केलं नाही तर इतर आयफोनवाल्यांनी पाठवलेले संदेश ॲपलकडेच जात राहतात आणि तुमच्या अँड्रॉइडवर पोहोचत नाहीत. आधीच सिम काढलं असेल तर आयमेसेजमधून नंबर मोकळा करण्यासाठी ॲपलचं एक पान आहे, तिथे नंबर आणि एसएमएसने आलेला कोड टाकला की काम होतं.

आणि भावाला द्यायचा फोन. महिनाभरात तुम्हाला बँकेची सगळी ॲप, ऑथेंटिकेटर आणि जुन्या गप्पा नव्या फोनवर मिळाल्या, एकदाही जुना फोन उघडावा लागला नाही, की तो द्यायला तयार आहे. फक्त पुसण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन त्यावरचं तुमचं गुगल खातं काढा आणि मग तिथूनच रिसेट करा. बटणं दाबून परस्पर पुसला तर सुरू होताना तो तुमच्याच जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो. चोरीच्या फोनांसाठी केलेली ही सोय आहे. मग भावाला दर वेळी तुम्हालाच फोन करावा लागेल. मेमरी कार्ड असेल तर तेही बाहेर काढून घ्या, रिसेटने ते पुसलं जाईलच असं नाही.

फोनचं मॉडेल, त्यात भरलेली जागा आणि कोणतं ऑथेंटिकेटर वापरता एवढं कळवलंत तर तुमच्यापुरतं नेमकं सांगता येईल.